सशाची साक्ष

पंचेचाळिसाव्या वर्षी मी जितकी हुशार होते, तितकी त्याआधी कधी नव्हते आणि त्यानंतर तर मुळीच झाले नाही. आज अडुसष्टाव्या वर्षी ती पंचेचाळिशीतली बाई डोळ्यांपुढे आली की मला हसू आवरत नाही. पांढरा कोट, खळ घालून कडक इस्त्री केलेला. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं. आणि चालणं असं, की वालीवच्या औद्योगिक वसाहतीतले पाण्याचे टँकर जणू हिलाच वाट द्यायला थांबतात. नंदाखालहून रोज दुचाकीवर यायची ती कोट घरूनच घालून. प्रयोगशाळेचा कोट बाहेर घालून हिंडू नये, हे पहिल्या दिवशीच शिकवतात. तिलाही शिकवलं होतं. पण मग आगाशीच्या बाजारातल्या बायकांना कळणार कसं?

नणंदेने एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, तुम्ही तिथे करता तरी काय?"

"मी माणसातलं प्रोटीन ओळखते," मी सांगितलं.

"बरं झालं बाई. आता हळूहळू भातातलं मीठही ओळखा."

हसा हवं तर, पण काम खरोखर तेच होतं. आमची कंपनी म्हणजे एका गाळ्यात सहा माणसं. डाव्या गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या, उजव्या गाळ्यात खिळे, आणि मधे आम्ही अँटिबॉडी बनवायचो. माणसाच्या शरीरातलं एखादं प्रोटीन घ्यायचं आणि त्याचा इवलासा अंश सशाला टोचायचा. सशाच्या रक्ताला ते परकं वाटतं. त्या परक्याला धरून ठेवणारी अँटिबॉडी ते रक्त तयार करतं. मग सशाचं थोडं रक्त काढायचं, त्यातला लालपणा बाजूला करायचा, उरतो तो पिवळसर द्रव. तो आम्ही बोटाच्या पेराएवढ्या कुप्यांत भरून संशोधकांना विकायचो. एखाद्या गाठीत अमुक प्रोटीन आहे की नाही, हे त्यांना त्यावरून बघायचं असायचं.

ही झाली पहिली अँटिबॉडी, प्रायमरी. तिच्यामागून दुसरी सोडतात, तिच्याकडे रंग असतो. पहिली ओळखते आणि चिकटते. दुसरी पहिलीला चिकटून बोंब मारते. पांढऱ्या कागदावर तपकिरी पट्टी उमटते ती ही बोंब. बोंब मारायला अक्कल लागत नाही, सगळी मदार पहिलीवर. तिने भलत्यालाच मिठी मारली, तर दुसरी तितक्याच इमानाने भलतीकडे बोंबलणार.

आणि पहिलीने नेमकं कोणाला धरलंय ते तपासून 'तपासले, योग्य' असं लिहून खाली सही करणारी कोण? कोटवाली.

त्या वर्षी आमच्या एका सशाने तोंडाच्या कॅन्सरच्या अभ्यासात लागणारी अँटिबॉडी दिली. ज्या प्रोटीनसाठी होती त्याचं नाव गाडीच्या नंबरप्लेटसारखं, अक्षरं आणि आकडे. तपासणीची पद्धत अशी. खरवसासारख्या थरथरणाऱ्या जेलची एक पातळ पाटी असते, तिच्या वरच्या कडेला दहा खाचा. एका खाचेत वजनाची मापं, बाकी खाचांत वेगवेगळ्या पेशींचा अर्क. वीज सोडली की प्रोटीनं खाली सरकतात. हलकी लांब जातात, जड मागे रेंगाळतात. मग ती सगळी कागदावर उतरवून घ्यायची आणि वर अँटिबॉडी ओतायची. नियम असा की निदान दोन खाचांत अशा पेशींचा अर्क हवा, ज्यांत ते प्रोटीन नसतंच. तिथे कागद कोरा राहायला हवा. यालाच कंट्रोल म्हणतात. ज्या घरात चोर नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, त्या घरापुढेही कुत्रा भुंकतो का, ते बघायचं.

आता कोटवालीचं माहेर वाडीतलं. आमच्याकडे केळीच्या दोन रांगांत अळू, अळवाच्या कडेने मिरची, आणि झाडाच्या खोडालाही मोकळं सोडायचं नाही, त्यावर पानवेल चढवायची. हातभर जमीन उघडी दिसली की वडील विचारायचे, "इथे काय भूत पुरलंय का?" अशा घरातल्या मुलीला कोणी सांगितलं, की दहातल्या दोन खाचा काही उगवू नये म्हणून ठेव, तर तिचा जीव तुटणारच. मी दोन्ही खाचा भरून टाकल्या. नऊच्या नऊ खाचांत माणसाच्या पेशी घातल्या, ज्यांत ते प्रोटीन असतं अशा. कंट्रोलच्या अर्काची कुपी फ्रीझरमध्ये होती तशीच राहिली.

नऊच्या नऊ पट्ट्या आल्या. शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी करावीत तशा एका रेषेत. मी कागद उचलून आमच्या सरांपुढे धरला. सर म्हणजे कंपनीचे मालक, मवाळ माणूस, चहात बिस्किट बुडवताना ते तुटेल म्हणून श्वास रोखणारे.

"बाई, कंट्रोल?" त्यांनी हळूच विचारलं.

"सर, नऊपैकी नऊ! आणखी काय हवं?"

"बाई म्हणतात म्हणजे..." सर म्हणाले, आणि त्या कागदाचा फोटो आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर गेला. मी तो नणंदेला नेऊन दाखवला. ती म्हणाली, "उभा धरायचा का आडवा?"

तीनेक महिन्यांनी फोन आला. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करणारी मुलगी, बोलणं सांगलीकडचं.

"मॅडम, तुमच्या अँटिबॉडीचं विचारायचं होतं. जिथं प्रोटीन नाही तिथंपण पट्टी येतीय."

"जिथे नाही म्हणजे कुठे?"

"माझ्याकडं एका जातीच्या पेशी आहेत, त्यांच्यात ते प्रोटीन नसतंच. त्यांच्यातपण येतीय."

"कागद नीट धुता का?"

"चार वेळा धुतला."

"सहा वेळा धुवा. आणि दूध कुठलं वापरता?"

दुधाचा प्रश्न उगाच नव्हता. अँटिबॉडी ओतण्याआधी तो कागद दुधाच्या पावडरीच्या पाण्यात भिजवतात, म्हणजे कागदावरची मोकळी जागा भरून जाते आणि अँटिबॉडी वाटेल तिथे चिकटत नाही.

"साय काढलेल्या दुधाची पावडर. डबा कालच फोडलाय मॅडम."

"मग पाणी बघा तुमचं. मुंबईच्या पाण्याचं काही सांगता येत नाही."

हे सांगणारी बाई तेव्हा टँकरचं पाणी पीत होती, हे इथे नोंदवून ठेवते.

चार दिवसांनी पुन्हा फोन. "सहा वेळा धुतला. पाणी बदललं. पट्टी आहेच."

"मग हात चुकत असेल. सुरुवातीला होतं असं. माझे हात बसायला दहा वर्षं लागली."

ती म्हणाली, "असं करते मॅडम, मी येतेच. पेशी घेऊन येते. तुमचं दूध, तुमचं पाणी आणि तुमचे हात. करून दाखवा की."

मला राग यायला हवा होता, पण मला आनंद झाला. प्रेक्षक मिळणार होता. कोटाला त्या आठवड्यात दोनदा इस्त्री झाली.

मे महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी ती गाळ्याच्या दारात उभी राहिली. किडकिडीत, घामाने थबथबलेली, शाळकरी मुलांकडे असतो तसला थर्मास छातीशी धरलेला.

"बर्फ आहे का हो? आधी ह्याला ठेवा, मग मला पाणी द्या."

थर्मासात तिच्या पेशी होत्या. मी सगळं माझ्या हातांनी केलं, तिला फक्त बघायला लावलं. शेवटच्या दोन खाचांत तिच्या त्या प्रोटीन नसलेल्या पेशींचा अर्क घातला, बाकीच्यांत आमच्याकडच्या गाठींच्या पेशींचा. दुपारी कागद अँटिबॉडीत भिजत होता, तेव्हा मी डबा उघडला आणि तिच्यापुढे वसईची सुकेळी ठेवली. तिने ती सुकवलेली केळी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. एक चाखून बघितलं, मग न विचारता तीन खाल्ली, आणि खाता खाता सांगितलं.

तोंडाच्या कॅन्सरचे सात रुग्ण, त्यांच्या गाठींचे सात नमुने. सातही जणांत हे प्रोटीन आहे, असं तिचं म्हणणं, आणि प्रबंधाचं मुख्य प्रकरण तेच. तीन वर्षं त्यातच गेलेली. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी तिला समितीपुढे उभं राहायचं होतं. गाइड बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की अँटिबॉडीवर भरवसा नसेल तर ते प्रकरण काढून टाक आणि दुसरा विषय घेऊन पहिल्यापासून सुरू कर.

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे अजून तीन वर्षं, मॅडम. सात नमुने मिळवायलाच दीड वर्ष गेलं. एक काका तर..." तिने हातातलं सुकेळं खाली ठेवलं. "त्यांनी हसत हसत दिला होता हो नमुना. म्हणाले, पोरी, माझ्या तोंडाचा तुला तरी उपयोग होऊ दे."

मी तिला म्हटलं, "घाबरू नकोस, अँटिबॉडी चोख आहे." आणि उठून कागदावर रंगाचं पाणी ओतलं.

पट्ट्या उमटायला दोन मिनिटं लागली. पहिल्या खाचांखाली उमटल्या. मग नवव्या खाचेखाली. मग दहाव्या. माझ्या दुधात, माझ्या पाण्यात, माझ्या दहा वर्षं बसलेल्या हातांनी.

माणसाने अशा वेळी गप्प बसावं. कोटवाली म्हणाली, "तुझ्या पेशींतच भेसळ असेल."

मुलगी चिडली नाही. तिने पिशवीतून एक कागद काढला. त्या पेशींत ते प्रोटीन बनवणारा जनुकच नाही, याची वेगळी तपासणी तिने आधीच करून ठेवली होती. मग ती माझ्या फ्रीझरकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडं कंट्रोल असेल की. त्याच्यावर काय आलं होतं?"

मी कुपी काढून तिच्या हातात दिली. तिने ती उजेडात धरली. बुचावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

"ही उघडलीच नाही?"

"नाही."

"मॅडम, मग सही कशावर केली?"

तिच्या आवाजात कुत्सितपणा असता तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिला वाडी, अळू, मिरची सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग एकदम हसली, डोळ्यांत पाणी असताना हसतात तसं. "आमच्या रानातपण ऊस लावताना बांध सोडत नाहीत," ती म्हणाली. "पण मॅडम, माझी तीन वर्षं?"

आता कोटवालीची निंदा पुरे, कारण इथून पुढे ती ठीक वागली. मी माझंच कौतुक करायला कधी मागेपुढे पाहत नाही.

माझं डोकं चालायला लागलं. ससा काही खोटा नव्हता. सशाच्या रक्तात एक नव्हे, अनेक अँटिबॉडी असतात. त्यांतल्या काही खऱ्या प्रोटीनला धरत होत्या आणि काही तेवढ्याच वजनाच्या भलत्याला. भलत्या तेवढ्या काढून टाकल्या तर? त्यासाठी तिच्याच पेशी हव्या होत्या, ज्यांत खरं प्रोटीन नाही पण ते भलतं आहे. त्या थंडगार अॅसिटोनमध्ये टाकून निर्जल करायच्या, वाळवून पूड करायची, आणि ती पूड अँटिबॉडीत कालवायची. भलत्या अँटिबॉडी पुडीला चिकटून खाली बसतील, खऱ्या वर मोकळ्या राहतील. वरचं पाणी काढून घ्यायचं. जुनी रीत आहे, पुस्तकात वाचली होती, केली कधीच नव्हती.

"पेशी किती आणू शकशील?"

"किती पाहिजेत?"

"मूठभर."

तिने आकडेमोड केली. "रात्रंदिवस वाढवल्या तर पुढच्या गुरुवारी."

ती गेल्यावर मी सरांकडे गेले. सर चहा पीत होते. सगळं ऐकताना त्यांचं बिस्किट कपात पडलं आणि त्यांनी ते काढलंही नाही.

"किती जणांना विकलंय हे?" मी विचारलं.

"तिला सोडून अकरा."

"सगळ्यांना फोन करते. वापरू नका म्हणून सांगते."

"बाई, नाव जाईल आपलं."

"सर, नाव माझं जाईल. सही माझी आहे."

गुरुवारी संध्याकाळी ती पेशी आणि सातही नमुन्यांचा अर्क घेऊन आली आणि आमच्याकडेच नंदाखालला राहिली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. वसाहतीची सुट्टी, त्यात दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद. आणि सगळं काम बर्फात करायचं. जरा ऊब लागली की खेळ खलास. वीज नाही म्हणजे आमचं बर्फाचं यंत्रही बंद. मुलीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "वसईत राहून बर्फाची चिंता करतेस?"

सकाळी उजाडल्याबरोबर तिला मागे बसवून पाचूबंदर गाठलं. होड्या लागल्या होत्या, लिलाव रंगात आला होता. एका ओळखीच्या कोळणीला मी बर्फाची अख्खी लादी मागितली.

"मासली किती घेतलीस?" तिने विचारलं.

"मासळी नको, नुसता बर्फ."

"बाय गं! बर्फाचं कालवन करनार काय? आनि ही पोरगी कोन, सून?"

"माझी परीक्षक," मी म्हटलं.

लादी गोणपाटात गुंडाळून आम्ही दोघींच्या मधे ठेवली. वालीवला पोचेपर्यंत माझी पाठ बधिर झाली होती आणि तिचं पोट. बर्फ फोडून टबात भरला तशी ती नाक मुरडून म्हणाली, "मॅडम, मासळीचा वास येतोय की."

"अँटिबॉडीला नाक नसतं. तू पूड वाट."

दिवसभर दोघी त्या टबाजवळ बसलो. पेशी वाळवल्या, पूड केली, अँटिबॉडीत कालवली, निवळू दिली, वरचं काढलं, पुन्हा नवी पूड घातली. तीन वेळा. अधूनमधून ती विचारायची, "खऱ्यापण गेल्या तर?" मला उत्तर ठाऊक नव्हतं. कोटवालीने आयुष्यात प्रथमच "माहीत नाही" असं म्हटलं. वाटलं तितकं जड गेलं नाही.

शनिवारी वीज आली. एका खाचेत मापं, सात खाचांत तिचे सात रुग्ण, आणि शेवटच्या दोन खाचांत कंट्रोल. संध्याकाळी पाचला रंगाचं पाणी ओतलं. सरही येऊन उभे राहिले.

शेवटच्या दोन खाचांखाली कागद कोराच राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कोराच. सर टाळी वाजवणार होते, मी त्यांचा हात धरला. कारण मुलगी त्या दोन खाचांकडे बघतच नव्हती. ती तिचे रुग्ण मोजत होती.

सातपैकी चार पट्ट्या होत्या, पहिल्याहून फिकट. तीन जागी काहीच नव्हतं.

"तीन गेले," ती म्हणाली. "ते काका गेले." आणि स्टुलावर बसली.

मी कागद धुतला, दोन टिपकागदांत ठेवला, तिच्यासमोर धरला. बराच वेळ तिने तो बघितला.

"हे चार खरे आहेत?"

"खरे आहेत."

"सही कराल?"

"आता करते. आणि दुसरीही एक गोष्ट लिहून देते."

मी कंपनीच्या कागदावर पत्र लिहिलं. आमची पहिली तपासणी अपुरी होती, कंट्रोल केला नव्हता, चूक तपासणाऱ्या बाईची आहे, या मुलीने ती शोधून काढली. सर वाचून म्हणाले, "बाई, असं पत्र कोणी देतं का?"

"मी देते, सर. शिक्का कुठाय?"

त्यांनी शिक्का स्वतः मारला. जरा वाकडाच बसला.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. मी उभ्यानेच घेतला.

"काय झालं?"

"दोन तास फाडलं मला. आधी सात म्हणत होतीस, आता चार कसे, म्हणाले. सगळं सांगितलं. एक सर म्हणाले, कंपनी स्वतःहून चूक कबूल करते? मग तुमचं पत्र दिलं. त्यांनी दोनदा वाचलं."

"आणि?"

"प्रकरण राहिलं, मॅडम. चारवर. सहा महिन्यांत आणखी नमुने घेऊन ये म्हणालेत. आणि त्या काकांच्या घरी जाऊन आले. काकांच्यात ते नव्हतं, म्हणून सांगितलं. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, मग दुसरं काय होतं ते शोध."

ती तशीच पुढे म्हणाली, "नव्या नमुन्यांसाठी साफ केलेल्या अँटिबॉडीच्या तीन कुप्या लागतील. उद्या येऊ?"

टेबलावर अकरा प्रयोगशाळांची यादी पडली होती. सात नावांवर रेघ मारली होती, चौघांना अजून फोन व्हायचे होते, आणि कुपीत उरली होती जेमतेम एका वेळेपुरती पूड.

"आधी ह्या अकरा जणांना बदलून द्यायच्या," मी म्हटलं. "तुझा नंबर बारावा."

"बारावा?" ती ओरडली. "चूक मी शोधली की!"

"म्हणून तर तुला पूड वाटायला बोलावणार आहे. गुरुवारी ये, पेशी आण. आणि जुने कपडे घाल."